जूनमधला पुस्तकांचा खर्च कमी कसा करायचा? मोहल्ल्याची पुस्तकपेढी आणि गावाची शहाणी खरेदी

बेंबळी आणि आसपासच्या गावांत जून महिना दोन खर्च एकदमच घेऊन येतो. मृगाचा पाऊस पडला की सोयाबीनचे बियाणे आणि खताच्या पिशव्या घ्याव्या लागतात. नेमक्या त्याच दिवसांत अकरावीचे, कॉलेजचे प्रवेश सुरू होतात. घरात पैसा एकच आणि वाटा दोन. बियाण्याला उशीर चालत नाही, म्हणून पुस्तके मागे पडतात. "बेटा, दिवाळीनंतर बघू," असे अब्बा म्हणतात आणि दिवाळीनंतर पहिल्या सेमिस्टरची परीक्षाच येऊन ठेपलेली असते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने आपल्या जिल्ह्यातल्या सोयाबीनचे जे हाल केले, त्यानंतर तर अनेक घरांत दिवाळीनंतरही हा पैसा आला नाही.

आम्ही शिक्षक म्हणून हे दरवर्षी पाहतो. मुलगा हुशार असतो, वर्गात येतो, पण त्याच्याकडे पुस्तक नसते. मग तो कुणाच्या तरी वहीतून उतरवून घेतो, गाइडवर भागवतो आणि हळूहळू मागे पडतो. मुलीच्या बाबतीत तर "एवढा खर्च कशाला" हा प्रश्न आणखी लवकर येतो. म्हणून या लेखात दोन गोष्टी समजून घेऊ या. एक, पुस्तके विकत न घेता भाड्याने कशी मिळतील. दोन, शाळा आणि ग्रामपंचायत आपल्याच पैशातून जी खरेदी करतात ती नीट झाली तर काय वाचते.

आधी बघा, फुकट काय मिळते

खर्च कमी करण्याची पहिली पायरी म्हणजे जे मोफत आहे ते विकत न घेणे. बालभारती ही आपल्या राज्याची पाठ्यपुस्तक संस्था २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात सुरू झाली. ती मराठी आणि उर्दूसह आठ भाषांत पुस्तके काढते. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची पुस्तके समग्र शिक्षा योजनेतून मोफत मिळतात. त्यापुढच्या वर्गांची पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात मोफत आहेत, उर्दू माध्यमाचीही आहेत.

'नीट'ची तयारी करणाऱ्यांना एनसीईआरटीची पुस्तके लागतात. तीही इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत मोफत उतरवून घेता येतात. कॉलेजच्या मुलांसाठी आयआयटी खरगपूरने उभी केलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे आणि 'स्वयम्'वर मोफत अभ्यासक्रम आहेत.

पण खरे सांगायचे तर मोबाइलवर पुस्तक वाचून परीक्षा देणे सोपे नाही. घरात फोन एक आणि भावंडे तीन, अशी स्थिती असते. पीडीएफ आधाराला ठीक, पण अभ्यासाला हातात पुस्तक हवेच.

खर्च सुरू कुठे होतो?

नववीपासून पुस्तके घरच्या पैशाने घ्यावी लागतात. अकरावी-बारावी सायन्सला तो खर्च वाढतो आणि कॉलेजात आणखी वाढतो. इथे आपल्या समाजाला एक धक्का आधीच बसलेला आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती केंद्र सरकारने २०२२ मध्ये पहिली ते आठवीसाठी बंद केली आणि ती फक्त नववी-दहावीपुरती ठेवली. संशोधन करणाऱ्यांसाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिपही त्याच वर्षी बंद झाल्याचे जाहीर झाले.

चांगल्या बाजूचेही सांगू. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या मुलींची, घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार भरते. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत आहेत, त्यांना याचा फायदा आहे. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. म्हणजे फी सुटली, प्रवास सुटला. उरला तो पुस्तकांचा खर्च, आणि त्याला कुठली योजना नाही. तो आपल्यालाच सोडवायचा आहे.

पुस्तकपेढी ही नवी कल्पना नाही

आमच्या पिढीने शाळेतली पुस्तकपेढी पाहिली आहे. वर्षाच्या सुरुवातीला गरीब मुलांना पुस्तकांचा संच मिळायचा आणि परीक्षा झाली की तो परत द्यायचा. केंद्र सरकारनेही १९७८-७९ पासून अनुसूचित जातीच्या मेडिकल आणि इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तकपेढी सुरू केली आणि पुढे तिच्यात इतर अभ्यासक्रमही आले. त्या योजनेत एका संचाचे आयुष्य तीन वर्षे धरले होते. हा तीन वर्षांचा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या हिशोबात तो कामाला येईल.

अमेरिकेत पुस्तके फार महाग आहेत. तिथे इस्टर्न इलिनॉय विद्यापीठात पुस्तके भाड्याने देण्याची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. 'चेग' नावाच्या कंपनीने २००७ मध्ये हाच धंदा इंटरनेटवर आणला. पुढे तिथल्या सरकारने कायदाच केला की विद्यार्थी विषय निवडतो त्याच वेळी कॉलेजने त्या विषयाचे पुस्तक आणि त्याची किंमत सांगितली पाहिजे. कारण साधे आहे. यादी आधी कळली तर मुलगा जुने पुस्तक शोधू शकतो, भाड्याने घेऊ शकतो. यादी ऐनवेळी कळली तर दुकानात जो भाव असेल तो द्यावा लागतो. आपल्याकडेही हेच होते.

काहींना शंका येते की पुस्तक भाड्याने देणे कायद्यात बसते का. बसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पुस्तक छापण्याचा हक्क प्रकाशकाचा असतो, पण एकदा विकत घेतलेली प्रत तुमची. ती तुम्ही विकू शकता, कुणाला देऊ शकता, भाड्यानेही देऊ शकता.

हिशोब करून बघू

समजा, आपल्या मोहल्ल्यातली आणि आसपासची २० मुले बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहेत. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

एका मुलाला पाच पुस्तके लागतात आणि त्यांची किंमत १,५०० रुपये होते. प्रत्येकाने वेगळी घेतली तर एका वर्षाला ३०,००० रुपये. तीन वर्षांत तीन बॅच येतील, म्हणजे एकूण ९०,००० रुपये.

आता पुस्तकपेढीचा हिशोब. २० संच एकदम घेतले आणि विक्रेत्याने २० टक्के सूट दिली तर २४,००० रुपये. प्लास्टिकचे कव्हर आणि शिलाईला संचामागे ५० धरले तर १,००० रुपये. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी फाटलेले, हरवलेले दोन-दोन संच नवे घ्यावे लागले तर ४,८०० रुपये. तीन वर्षांचा एकूण खर्च २९,८०० रुपये. तीन वर्षांत ६० मुलांनी संच वापरला. म्हणजे एका मुलामागे जेमतेम ४९७ रुपये.

म्हणून वर्षाचे भाडे ५०० रुपये ठेवले तरी पेढी तोट्यात जात नाही. मुलाचे १,००० रुपये वाचतात. "आम्ही पुस्तक घेऊन वर्षअखेरीस विकूच की," असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. १,५०० ची पुस्तके ६०० ला विकली तर खर्च ९०० येतो. तरीही पेढी ४०० रुपयांनी स्वस्तच पडते. मुख्य म्हणजे जूनमध्ये १,५०० उभे करावे लागत नाहीत. ज्या घरात त्याच आठवड्यात बियाणे घ्यायचे आहे, त्या घरासाठी हीच खरी मदत आहे.

पेढी चालवायची तर हे नियम हवेत

पेढ्या सुरू होतात आणि दोन वर्षांत बंद पडतात. त्याची कारणे ठरलेली असतात, म्हणून नियम आधीच ठरवावेत.

पहिला नियम : अभ्यासक्रम बदलणार आहे का, ते आधी विचारा. नवे शैक्षणिक धोरण राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून टप्प्याटप्प्याने लागू होत आहे, पहिल्या वर्षी प्रथम वर्ष, मग द्वितीय, मग तृतीय. धाराशिवची कॉलेजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रम असतो, कॉलेजच्या ग्रंथपालांनाही माहीत असते. बदल नुकताच झाला असेल तर ती पुस्तके घेण्याची योग्य वेळ, कारण ती काही वर्षे चालतील. बदल पुढच्या वर्षी होणार असेल तर थांबावे. अकरावीची पुस्तके २०१९ मध्ये आणि बारावीची २०२० मध्ये बदलली. त्या वेळी ज्यांनी संच जपून ठेवले त्यांचा एक संच चार-चार मुलांना पुरला.

दुसरा नियम : अनामत घ्या आणि परत द्या. भाडे ५०० तर अनामतही ५०० पुरे. पुस्तक नीट परत आले की अनामत त्याच दिवशी हातात मिळाली पाहिजे. अनामत परत करायला टाळाटाळ झाली की पेढीवरचा विश्वास गेला समजा. ज्याला अनामत जमत नाही त्याच्यासाठी मोहल्ल्यातल्या एका जबाबदार माणसाची हमी चालवावी.

तिसरा नियम : रजिस्टर ठेवा. पुस्तकाचे नाव, आवृत्तीचे वर्ष, क्रमांक, कुणाला दिले, कधी परत आले. देताना आणि घेताना पानांची अवस्था दोघांनी बघायची. पेनाने खुणा करायच्या नाहीत, पेन्सिल चालेल.

चौथा नियम : ज्यात लिहायचे असते ते पुस्तक पेढीत घेऊ नका. वर्कबुक, प्रात्यक्षिकाच्या वह्या, उत्तरपत्रिकांचे संच एकदाच वापरता येतात. शासनाने २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकाचे चार भाग करून त्यात वहीची कोरी पाने घातली होती. दप्तराचे ओझे कमी व्हावे हा हेतू चांगला होता. पण पुस्तकातच लिहिल्यावर ते धाकट्या भावाच्या कामाचे राहत नाही. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने ही कोऱ्या पानांची पद्धत मागे घेतली. म्हणजे पुस्तके पुन्हा वापरण्याजोगी झाली आहेत, त्याचा फायदा घ्या.

पाचवा नियम : पेढीची वेळ आणि जागा मुलींना सोयीची असावी. रात्री उशिरा, फक्त पुरुष बसतात अशा ठिकाणी पेढी ठेवली तर मुली येणार नाहीत. शाळेची खोली, गावातले वाचनालय किंवा एखाद्या शिक्षिकेचे घर जास्त बरे.

पैसा कुठून आणायचा?

इथे एक मसला नेहमी विचारला जातो : जकातीच्या पैशातून पेढीची पुस्तके घेता येतील का? हनफी उलमा सांगतात की जकात ज्याला द्यायची त्याच्या मालकीची करून द्यावी लागते. पेढीचे पुस्तक तर परत घ्यायचे असते, मालकी कुणा एकाची होत नाही. म्हणून पेढीच्या पुस्तकांसाठी इमदाद, अतिया, नफली सदका असा पैसा वापरावा. जकातीस पात्र असलेल्या विद्यार्थ्याला जकात त्याच्या हातात द्यावी आणि त्याने त्यातून स्वतःचे भाडे भरावे. तपशिलासाठी आपल्या इमामसाहेबांना किंवा मुफ्तींना विचारून घ्यावे.

दुसरा मार्ग गावातल्या वाचनालयाचा. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना त्यांच्या वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळते आणि त्यातून पुस्तके घेतली जातात. कादंबऱ्यांबरोबर अकरावी-बारावीचे आणि पदवीचे दोन-दोन संचही घ्या, अशी मागणी सभासद म्हणून आपण करू शकतो. त्यासाठी आधी सभासद व्हावे लागते. आपल्यातली किती घरे वाचनालयाची सभासद आहेत, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

झेरॉक्सचे काय?

शिकवण्यासाठी पुस्तकातली काही प्रकरणे एकत्र करून झेरॉक्स देणे चालते. परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर खटला भरला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी तो फेटाळला. पुढे त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठानेही शिकवण्याच्या कामासाठी लागेल तेवढी झेरॉक्स कायद्याने करता येते हे मान्य केले आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात दखल दिली नाही. पण याचा अर्थ आख्खे पुस्तक छापून विकावे असा नाही. ज्या विषयाला पाच पुस्तकांतले एकेक प्रकरण लागते, तिथे ही सोय खूप पैसे वाचवते.

आता गावाची खरेदी

एकत्र घेतले की स्वस्त पडते, हे आपल्या आईलाही माहीत असते. सरकारी खरेदीत याचे मोठे उदाहरण एलईडी बल्बचे आहे. २०१४ मध्ये ईईएसएल ही सरकारी कंपनी एक बल्ब ३१० रुपयांना घेत होती. २०१६ मध्ये तोच भाव ३८ रुपयांवर आला. देशभराची मागणी एकत्र केली, खुल्या निविदा काढल्या, कारखान्यांना मोठी आणि खात्रीची ऑर्डर मिळाली आणि भाव पडला.

पण सगळेच एकत्र घेतल्याने शहाणपण येते असेही नाही. आपल्याच राज्यातले गणवेशाचे उदाहरण बघा. मोफत गणवेशासाठी मुलामागे दोन गणवेशांचे ६०० रुपये असतात. आधी हा पैसा शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचा आणि गावातच गणवेश शिवला जायचा. २०२४-२५ मध्ये सरकारने राज्यभराचे कापड एकत्र घेतले आणि माविमच्या बचत गटांकडून शिवून घ्यायचे ठरवले. झाले काय, कित्येक शाळांत १५ ऑगस्ट उलटला तरी गणवेश आला नाही. आला तो कुणाला मोठा, कुणाला लहान. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिली.

बल्ब सगळ्या घरांत एकसारखा चालतो. गणवेशाला प्रत्येक मुलाचे माप लागते. जी वस्तू सगळ्यांना एकसारखी लागते ती मोठ्या प्रमाणात एकत्र घ्यावी. जिथे माप, गरज, वेळ वेगळी, तिथे गावानेच घ्यावी. पुस्तके आणि वह्या पहिल्या प्रकारात येतात.

शाळा व्यवस्थापन समितीत तुमची जागा आहे

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. गणवेशाचा पैसा, शाळेचे अनुदान कसे वापरायचे ते या समितीसमोर येते. पण अनेक ठिकाणी पालक फक्त सहीपुरते असतात. अम्मी सदस्य असतात आणि रजिस्टर घरी येते. तसे करू नका. बैठकीला जा आणि तीन प्रश्न विचारा.

एक : दरपत्रके किती जणांची मागवली? तीन कोटेशन कागदावर असतात, पण तिन्ही एकाच हस्ताक्षरातली तर नाहीत ना, हे बघायला पदवी लागत नाही.

दोन : सर्वात स्वस्त वस्तू किती वर्षे टिकेल? समजा एक बाक ३,५०० ला आहे आणि दोन वर्षांत मोडतो, दुसरा ५,००० ला आहे आणि सहा वर्षे टिकतो. पहिल्याचा वर्षाचा खर्च १,७५० आणि दुसऱ्याचा ८३३. कागदावर स्वस्त दिसणारा बाक दुप्पट महाग पडला. म्हणून मागणीतच लाकडाची जाडी, लोखंडाचे वजन, वॉरंटी लिहावी.

तीन : माल आल्यावर मोजला कुणी? बिल १०० वह्यांचे आणि आल्या ९० असे व्हायला नको. माल घेताना दोन पालक हजर असावेत.

ग्रामपंचायतीच्या खर्चाचेही तसेच आहे. ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर कुठल्याही गावाचा आराखडा आणि खर्च मोबाइलवर दिसतो. सरकारी खरेदीसाठी ऑगस्ट २०१६ पासून 'जेम' हा ऑनलाइन बाजार आहे. एखाद्या वस्तूचा तिथला भाव कुणीही बघू शकतो आणि आपल्या गावाच्या बिलाशी ताडून पाहू शकतो. शंका वाटली तर आधी ग्रामसभेत शांतपणे विचारा. उत्तर मिळाले नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. यात भांडणाची भाषा नको. हिशोब मागणे म्हणजे कुणावर आरोप करणे नव्हे. आपल्या मस्जिदीचा हिशोब आपण जसा मागतो आणि देतो, तसाच गावाचा मागायचा.

यंदापासून सुरुवात कशी करायची?

एप्रिलमध्ये, परीक्षा संपताच, मोहल्ल्यातल्या नववी ते पदवीच्या मुलामुलींची यादी करा. कोण कुठल्या वर्गात जाणार, माध्यम कुठले, विषय कुठले. त्याच वेळी ज्यांचे वर्ष संपले त्यांच्याकडून जुनी पुस्तके गोळा करा. जुम्याला एक एलान केला तर रद्दीत जाणारी किती पुस्तके वाचतील बघा.

मे महिन्यात अभ्यासक्रम तपासा, यादी पक्की करा आणि दोन-तीन विक्रेत्यांकडे भाव विचारा. वह्यांची मागणीही सोबतच द्या. ४० घरांना प्रत्येकी १२ वह्या लागतात, म्हणजे ४८० वह्या. ठोक भावात वहीमागे ८ रुपये वाचले तरी ३,८४० रुपये मोहल्ल्यात राहतात. आणखी एक गोष्ट, २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवरचा जीएसटी शून्य झाला आहे. छापील पुस्तकांवर तो आधीपासूनच नाही. बिल मागा आणि तपासा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वाटप करा. शंभर संचांनी सुरुवात करायची गरज नाही. एका वर्गाचे दहा संच, एक कपाट, एक रजिस्टर आणि चाव्या सांभाळणारी दोन माणसे एवढ्यावर पेढी उभी राहते. ती नीट चालली तर दुसऱ्या वर्षी दुसरा वर्ग जोडा. आणि पेढी मोहल्ल्याची असली तरी शेजारच्या गल्लीतला मराठा, धनगर, दलित मुलगा पुस्तक मागायला आला तर त्यालाही त्याच भाड्यात द्या. बियाण्याचा आणि पुस्तकाचा पेच त्याच्या घरातही त्याच आठवड्यात पडलेला असतो.